एकट्या मोज्यांची तार

रविवारी मशीनं बंद असत, पण मालकीणबाईंच्या तळपायांना ते कधी पटलं नाही. खालच्या मजल्यावर मोजे विणणारी मशीनं खडखडायची आणि वरच्या मजल्यावर त्यांचा संसार थरथरायचा, असंच सगळं आयुष्य गेलेलं. जमीन गप्प बसली की त्यांना वाटायचं, काहीतरी बिघडलं. त्या रविवारी तर त्या सकाळपासून टेकल्या नव्हत्या. जिना उतरल्या, चढल्या, मागच्या दाराची कडी काढली, लावली, पुन्हा काढली.

"आई, जरा बसा ना," थोरली सून म्हणाली.

"बसायला मी काय अंड्यावरची कोंबडी आहे?"

बोलून गेल्या आणि त्यांनाच जीभ चावावीशी वाटली. त्या घरात त्या दिवशी अंड्याचं नाव काढायचं नव्हतं.

आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी चिमणीची इंजेक्शनं मध्येच बंद केली होती. चिमणी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. चणीने लहान, थोरल्या भावाच्या खांद्यालाही न लागणारी, म्हणून चिमणी. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही. आधीच्या डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या होत्या. पोटावर सुया टोचून बीजं, म्हणजे बाईच्या पोटातली अंडी, वाढवायची, ती काढून घ्यायची, बाहेर फळवायची आणि परत पोटात ठेवायची. दुसऱ्या फेरीत औषधाचं माप वाढवलं, तरी बीजं आली बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एकही तगलं नाही. तेव्हा मालकीणबाईंनी डॉक्टर बदलला. मशीन नीट चालेना की त्या आधी कारागीर बदलत, मग सुया बघत. त्यांची रीतच ती.

नव्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना त्यांनी लेकीला बजावलं होतं, "पहिल्यांदाच आलोय म्हणायचं. मागचं काही काढायचं नाही."

हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा होता. दुकानातून परत आलेल्या गठ्ठ्याची परतीची चिठ्ठी कात्रीने कापायची, नवा कागद गुंडाळायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे ठेवायचा. ह्याला त्या लबाडी म्हणत नसत. मालाला आणखी एक संधी देतो म्हणत. पोरीलाही तीच संधी दिली, त्यात काय चुकलं?

चुकलं ते असं, की कोऱ्या पाटीवर डॉक्टरीणबाईंनी साध्या मापाचं औषध दिलं, आणि चिमणीच्या पोटात काही हललंच नाही. मग त्यांनी खोदून विचारलं. चिमणी रडली आणि सगळं बोलली. त्याच दिवशी सुरुवातीला घेतलेल्या रक्ताचा निकालही आला. तोच निकाल घेऊन लेक-जावई आज यायचे होते.

घरातल्या मोठ्या गोष्टी जोडखोलीत ठरत. जोडखोली म्हणजे मशीनांच्या वरचा लांबट हॉल, जिथे सुटे मोजे जुळवून जोड लावायचे. मधे काचेचं टेबल, काचेखाली दिवा. मोजा काचेवर ताणला की एक टाका जरी सुटलेला असला तरी तिथून उजेड आरपार येई. भिंतीला समांतर एक तार. ज्याचा जोड सापडला नाही तो मोजा त्या तारेवर चिमट्याने अडकवायचा. टाकायचा नाही, कात्री लावायची नाही. आज ना उद्या त्याचा जोडीदार कुठल्यातरी पोत्याच्या तळातून निघेल, ही मालकीणबाईंची श्रद्धा. काही मोजे तारेवर इतके जुने झाले होते की त्यांचा रंग कोणता, ह्यावर भांडण होऊ शकलं असतं.

टेबलाच्या टोकाला वन्सं आधीच येऊन बसल्या होत्या. मालकीणबाईंच्या मयत यजमानांची ही बहीण. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, भावाच्या घरी आली आणि मोज्यांची बोटं शिवत म्हातारी झाली. "आमच्या वन्संना पण तारेवर अडकवा," हा मालकीणबाईंचा विनोद कामगारांनाही पाठ होता. त्यावर वन्संही हसत. कशा हसत, ते कुणी कधी निरखून पाहिलं नाही.

थोरला आला, मागून थोरली. तो घामाघूम, कारण त्याला आईच्या आणि बायकोच्या मधे बसावं लागणार होतं. मग चिमणी आली, आणि तिच्या मागून हाताचं काळं ग्रीस फडक्याला पुसत जावई.

"या जावईबापू," मालकीणबाई म्हणाल्या. "रविवारी पण लिफ्टच? जगाला वर चढवता, आणि स्वतःचा पाळणा तळमजल्यावरच."

"आज बोलला नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं, आई," जावई म्हणाला आणि वन्संच्या शेजारी बसला. हा माणूस उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. चिडायचा नाही. हेच मालकीणबाईंना खुपायचं. चिडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते त्यांना कळत होतं.

चिमणीने पिशवीतून एक कागद काढला, काचेवर पसरला आणि खालचा दिवा लावला. ती कारखान्याचे नमुने काढायची. चौकटीच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक टाका, त्यामुळे तिला काहीही समजावायचं असलं की काचेवर मांडावंच लागायचं.

मालकीणबाई वाकल्या. त्यांना अक्षरं जेमतेम लागत, पण हे वाचायला अक्षरं नकोच होती. कागदावर काळ्या-करड्या पट्ट्यापट्ट्यांच्या दोऱ्या होत्या, मधे चिमटलेल्या. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने, दोन-दोन शेजारी.

"हे तर आपले मोजेच की गं! कुणी लावलेत जोड? हात बरा आहे." त्यांचं बोट ओळीवरून सरकत शेवटाकडे गेलं आणि थांबलं. "ह्याचा दुसरा कुठाय?"

"नाहीये, आई."

"नाहीये कसा? पडला असेल." आणि बाईंनी खरोखरच टेबलाखाली नजर टाकली. "नीट बघितलं का त्यांनी? मोजताना घाई केली असेल. परत मोजायला सांग."

थोरली पदराआड हसली. चिमणी नाही हसली.

"परत मोजलं, आई. ह्यांना गुणसूत्रं म्हणतात. आपण घडतो ती ह्यांच्यावरून. बाईच्या शेवटच्या जोडात दोन सारखी लागतात. माझ्या काही पेशींत दोन आहेत, काहींत एकच. आपलं पोतं उघडल्यावर काही जोड पुरे निघतात आणि काहींत एकटाच, तसं. मी सगळी बिघडलेली नाही. पण पुरी पण नाही."

"आणि म्हणून बीजं येत नाहीत?" थोरल्याने विचारलं.

"ज्या बायकांचं असं असतं, त्यांची बीजं लवकर संपतात. कुणाची वयात यायच्या आधी, कुणाची माझ्यासारखी तिशीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शन म्हणजे नुसती हाक आहे. घरात माणसंच उरली नसतील तर कितीही मोठ्याने हाक मारा, ओ कोण देणार? आधीच्या दोन फेऱ्यांचं खरं सांगितलं असतं, तर त्या आधी ह्या निकालासाठी थांबल्या असत्या. ह्या वेळच्या सुया टोचल्याच नसत्या."

सगळ्यांना कळलं की हे शेवटचं वाक्य कुणाच्या अंगणात पडलंय. मालकीणबाईंनी ते तिथून झाडून टाकलं.

"मशीनने छापलेला कागद. मशीन चुकत नाही होय? आमच्या घरात असलं कधी झालं नाही. मला तीन झाली, एक गेलं ते तापाने. माझ्या आईला सहा. दोष आमच्या मालात नाही. दोष कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे, मी तोंडाने बोलत नाही एवढंच."

"दर रविवारी बोलतेस," चिमणी म्हणाली.

"मग बोलते! लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि…"

"आई, ह्यांचे निकाल पहिल्या दिवसापासून स्वच्छ आहेत."

मालकीणबाईंचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

"पहिल्या डॉक्टरांनी दोघांना तपासलं होतं. ह्यांच्यात काही नाही. घरी येताना मी रस्त्यात बसले, की आता आईला काय सांगू. तर हे म्हणाले, माझं नाव सांग."

"राहू दे ना ते," जावई म्हणाला.

"का म्हणून सांगितलंत असं?" मालकीणबाईंचा आवाज उगाचच चढला. फसवलं गेल्यावर त्यांना आधी रागच येई, मग बाकीचं.

जावयाने ग्रीसचं फडकं घडी घालून मांडीवर ठेवलं. "लिफ्ट अडकली की बाहेर उभी असलेली माणसं कुणाला तरी शिव्या देतातच. आमची तयारी असते. आत अडकलेल्या माणसाला मात्र त्या ऐकू जाऊ द्यायच्या नाहीत. घाबरतं ते."

वन्संनी त्याच्याकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची बोटभर त्याच्या बाजूला सरकवली. एवढ्याशा सरकण्याचा आवाज मालकीणबाईंना मशीन सुरू झाल्यासारखा मोठा आला. त्या उठल्या, टेबलाला एक वळसा घातला, पुन्हा वळल्या.

"बरं, झालं ते झालं. आता पुढचं बघा. मी चौकशी केलीय. दुसऱ्या शहरात एक डॉक्टर आहे, तो औषधाचं माप दुप्पट देतो म्हणे. त्याच्याकडे जायचं. आणि हा कागद घरी ठेवायचा. पाटी कोरी."

"आई म्हणते तर एकदा बघूया," थोरला म्हणाला. तो आयुष्यभर हेच म्हणत आला होता.

"बघूया काय?" थोरली म्हणाली. तिचा आवाज नेहमी मऊ असायचा, बोचायचा नंतर. "दुप्पट म्हणजे चिमणीताईंच्या अंगावरच ना? भावोजी सांगत होते, त्या रात्रभर ओकल्यात. मुलापेक्षा ताईंचा जीव मोठा नाही का?"

"तुला गं काय तिच्या जिवाचं? तुझे दोन घोडे खाली खेळतायत. तिला नाही झालं तर कारखाना तुझ्याच घोड्यांच्या दावणीला. कळतं हो मला. शाळा कमी शिकले, हिशेब नाही."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. आणि गंमत अशी की मालकीणबाईंचा आरोप पुरता खोटाही नव्हता. माणसाच्या मनात दोन्ही असतं, कणव आणि कारखाना, एकाच पोत्यात. पण तो दिवस ते उलगडायचा नव्हता.

"नाही जायचं तिकडे," जावई म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी सगळे वळले. "डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलंय. तू सांगतेस का मी सांगू?"

चिमणी कागदाकडे बघत राहिली. "हृदय," ती म्हणाली. "ज्यांचं असं असतं, त्यांच्यातल्या काहीजणींची हृदयापासची मोठी रक्तवाहिनी कच्ची असते. एरवी कळतही नाही. दिवस गेले की रक्त वाढतं, जोर वाढतो, आणि ती फाटू शकते. म्हणून आधी हृदयाची तपासणी. ती केल्याशिवाय त्या काहीही करणार नाहीत. माझं बीजही नाही, दुसऱ्या बाईचं घेतलेलंही नाही."

"मग करून टाक तपासणी," थोरला म्हणाला.

"आणि त्यात काही निघालं तर?" चिमणी पहिल्यांदाच ओरडली. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "तर दार कायमचं बंद, दादा! आज निदान फट आहे. दुसऱ्याच्या बीजाला तरी माझं पोट आहे. तपासणीने तेही काढून घेतलं तर मी काय करू? आई म्हणते ते खरं आहे. त्या दुसऱ्या डॉक्टरकडे कोऱ्या पाटीने जाऊया. मी तयार आहे."

जावई उभा राहिला. "मी तयार नाही."

"तुम्हाला मूल नकोय."

"मला तू हवीयेस. मूल पण हवंय. पण आधी कोण, हे मला विचारायचं नाही."

नवरा-बायको पहिल्यांदाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे होते, आणि चिमणी मालकीणबाईंच्या बाजूला. बाईंना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या.

"आई," चिमणी वळली. तिचा आवाज खाली आला. "डॉक्टरीणबाईंनी तुला विचारायला सांगितलंय. रक्तात दिसतं त्यावरून बाकीच्या अंगात किती बिघाड आहे ते कळत नाही म्हणे. लहानपणच्या खुणांवरून थोडा अंदाज येतो. कान फुटायचे ते मला आठवतंय. उंची थांबली ते सगळ्यांनी बघितलं. पण एक गोष्ट तुलाच माहीत असणार. मी जन्मले तेव्हा माझे पाय सुजलेले होते का?"

खालून थोरल्याच्या पोरांचा चेंडू भिंतीवर आपटत होता. धप. धप.

"नसतील तर," चिमणी घाईने म्हणाली, "तर कदाचित माझं थोडक्यावर भागलंय. मग हृदयही ठीक असेल. ह्यांना पण धीर येईल. सांग ना. होते का सुजलेले?"

मालकीणबाईंनी लेकीकडे पाहिलं. तिचं सगळं तोंड 'नाही' ऐकायला पुढे झुकलं होतं. आणि 'नाही' म्हणणं किती सोपं होतं! आयुष्यभर त्यांनी चिठ्ठ्याच तर कापल्या होत्या.

"मी स्वतः विणलेले मोजे घातले होते तुझ्या पायात," त्या म्हणाल्या. "सगळ्यात लहान मापाचे. अगदी बसले होते."

चिमणीने डोळे मिटले आणि सुटल्यासारखा श्वास टाकला. थोरला म्हणाला, "झालं तर मग." जावई खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचं होतं, पण सासूच्या शब्दावर शंका कशी घ्यायची?

वन्संनी मात्र चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"चहा टाकते," थोरली म्हणाली आणि खाली गेली. तिच्यामागे थोरला गेला. चिमणी खिडकीशी जाऊन नवऱ्याशी हळू आवाजात बोलू लागली. मालकीणबाई तारेपाशी येऊन मोजे नीट अडकवू लागल्या. ते नीटच होते. एक चिमटा काढायचा, तोच परत लावायचा.

वन्सं शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"बसले होते, वहिनी," त्या म्हणाल्या. "कसे बसले, ते नाही सांगितलंत."

"तुमची बोटं शिवायची राहिलीत का कुठे?"

"मी होते त्या खोलीत. सुईण बाहेर गेली होती. तुम्ही उशीखालून कात्री काढलीत."

"हळू बोला."

"हळूच बोलतेय. सगळा जन्म हळूच बोलले."

मालकीणबाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. त्यांनी उचलला नाही.

त्यांना ते पाय दिसले. एवढेसे, पण फुगलेले, वरून गोल, रव्याने भरलेल्या पुरचुंडीसारखे. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. पहिला मुलगा धडधाकट झाला होता, आणि आता मोज्यांच्या कारखान्याच्या मालकिणीच्या लेकीला मोजाच चढेना. बाहेर सासूबाई उभ्या होत्या, कारखान्याची बडी गिऱ्हाइकं उभी होती, बाळ बघायला आलेली. मालाला डाग आहे असं कोण म्हणू देईल? त्यांनी मोज्याच्या तोंडाचं रबर मागच्या बाजूने कापलं, पाय आत सारला, वर दुपट्याची घडी ओढली. सगळे म्हणाले, काय गोड मोजे! काही महिन्यांनी सूज आपोआप उतरली. मग विसरायला कितीसा वेळ लागतो?

"इतकी वर्षं का नाही बोललात?" त्यांनी विचारलं. आवाजात धार आणायचा प्रयत्न केला, पण धार लागली नाही.

"माझं ऐकायला बसलं होतं कोण? मी तारेवरची." वन्संनी तारेवरच्या एका विटक्या मोज्याला बोटाने झोका दिला. "तुम्ही मला टांगून ठेवलंत, वहिनी. पहिल्यांदा फार लागायचं. कुणाचं बारसं असलं की मला मागच्या खोलीत काम निघायचं. पण मी मेले का? खाते, पिते, तुमच्याशी भांडते, दात पडले तरी ऊस मागते. मूल नसलेली बाई जगते हो. आत फाटलेली नाही जगत."

"तुम्हाला काय कळतंय…" मालकीणबाईंनी नेहमीचं वाक्य सुरू केलं. ह्या वाक्याचा शेवट नेहमी एकच असायचा: आईचं काळीज. तो शेवट ह्या वेळी ओठावर आला आणि तिथेच थांबला. आईचं काळीज खिडकीशी उभं होतं, नवऱ्याचा हात धरून त्याला पटवत होतं की पाय सुजलेले नव्हते, म्हणजे काही भीती नाही.

"ऐकलंत ना तुम्ही?" चिमणी म्हणत होती. "आई कशाला खोटं सांगेल?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा जावयाने सासूकडे मान वर करून पाहिलं. रागाने नाही. बंद पडलेल्या लिफ्टचं दार उघडण्याआधी आत कोण आहे, कसं आहे, ह्याचा अंदाज घेत बघतात, तसं.

थोरली चहाचे कप घेऊन वर आली. मागून थोरला.

"त्या डॉक्टरला उद्याच फोन करू ना आई?" त्याने विचारलं.

मालकीणबाई तारेच्या टोकापर्यंत चालत गेल्या. तिथे लहान मापाचे मोजे होते, तान्ह्यांचे. त्यातला एक त्यांनी काढला. पिवळा होता, निदान पूर्वी असावा. टेबलाच्या खणातून कात्री काढली.

"आई, तारेवरच्याला कात्री?" थोरल्याच्या हातून चहा सांडला. ह्यापेक्षा छोट्या गुन्ह्यासाठी कामगार घरी गेले होते.

बाईंनी मोजा उलटा धरला. तोंडाच्या रबरात कात्रीचं टोक घातलं, मागच्या बाजूने टाचेपर्यंत सरळ कापलं, आणि तो मोजा काचेवर, त्या कागदाच्या शेजारी ठेवला. खालचा दिवा तसाच चालू होता. कापलेल्या भेगेतून उजेड सरळ वर आला.

"असे बसले होते," त्या म्हणाल्या.

चिमणी टेबलाजवळ आली. आधी तिला कळलं नाही. मग कळलं, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"दोन्ही?"

"दोन्ही. बोट रुतायचं. हातांना पण सूज होती थोडी, पण हात दुपट्यात गेले." मालकीणबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "वन्संना विचार. त्या होत्या."

वन्संनी आपल्या खुर्चीत बसत मान डोलावली.

"तू मघाशी नाही म्हणालीस," चिमणी म्हणाली.

"मी नाही म्हटलं नाही. बसले म्हटलं." एवढ्यातही बाईंनी आपलं म्हणणं सोडलं नाही. मग त्यांचा आवाज पडला. "पोरी, तुझा माल डागी नाही गं. पण चिठ्ठी कापून पाठवायचा पण नाही. आतली शीर फाटली तर परत कोण आणून देणार मला?"

चिमणी रडली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. फट बुजत होती, आणि ती बुजवणारी तिची आईच होती. तिने जवळ ओढू पाहणारा जावयाचा हात झटकला, आईचाही झटकला. शेवटी ती वन्संच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मालकीणबाईंनी ते पाहिलं. त्या घरात लेकीने आत्याची मांडी गाठावी आणि आईने बघत राहावं, असं कधी झालं नव्हतं. त्या बघत राहिल्या.

चहा गार झाला. थोरलीने न विचारता तो खाली नेला आणि दुसरा टाकला.

रडं ओसरल्यावर चिमणीने नाक पुसलं आणि तो कापलेला मोजा काचेवरून उचलला. दोन बोटं त्यात घातली. भेग रुंदावली.

"तपासणीत काहीच निघालं नाही तर?" तिने विचारलं.

"तर पुढचं बघू," जावई म्हणाला.

"आणि निघालं तर?"

जावयाने खोटा धीर द्यायचा प्रयत्न केला नाही, आणि त्याबद्दल मालकीणबाईंना तो पहिल्यांदा आवडला.

"उद्या सुटी घ्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "लोक जिन्याने जातील, पाय झिजत नाहीत. मी येते बरोबर. त्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, मुलीची आई आलीय, काय विचारायचं ते विचारा. कान कधी फुटले, पाळी कधी आली, उंची कुठल्या वर्षी अडली, सगळं मला पाठ आहे. कोऱ्या पाटीवर लिहून घ्या म्हणावं."

त्यांनी पिवळ्या मोज्यासाठी हात पुढे केला. चिमणीने दिला नाही. तिने तो घडी करून कागदावर ठेवला, कागद दुमडला आणि दोन्ही पिशवीत टाकलं. उद्या दाखवायला.

मग मालकीणबाई, त्या दिवशी पहिल्यांदा, बसल्या. वन्संच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर.